फुलवंताच्या दातांची तार

सारंगखेडे,
ता. १२ जून १९३८

फुलवंताच्या वडिलांस,

शोभेचा नमस्कार.

सहा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिले नाही. आजही लिहिले नसते. पण फुलवंताच्या उजव्या गालाला आतून तार टोचते आहे आणि त्यावर काय करायचे हे या गावात कोणाला विचारावे ते मला कळत नाही.

सुटीत पोरीला महिनाभर मुंबईला पाठवा असे तुम्ही सुपडूभावजींना लिहिलेत. मी पाठवली. परत आली ती तोंड मिटून. मला वाटले, तिकडच्या घरात कोणी काही बोलले असेल. ओसरीवर बसवून विचारले तेव्हा तिने तोंड उघडले. दाढांवर चकचकीत पट्ट्या, पुढच्या दातांवरून आडवी तार आणि दाताला दाताला बारीक तारेची गाठ. सासूबाई तुमचे नाव घेऊन बोलल्या. "मन्हा रतिलालनी पोरना तोंडमा लगाम घाला," असे म्हणून त्या जेवायच्या ताटावरून उठल्या.

तिचे दात पुढे आहेत हे मला तुमच्याआधी ठाऊक आहे. तिचे ओठ मिटत नाहीत, ती तोंडावर हात धरून हसते आणि गेल्या वर्षी विहिरीच्या पायरीवर पडली तेव्हा पुढच्या दाताचा टवका उडाला, हे सगळे मी पाहिले आहे. तुम्ही दातांची विद्या शिकलात तर तिचा उपयोग स्वतःच्या पोरीला व्हावा, यात माझे काही म्हणणे नाही. पण आधी एक पोस्टकार्ड टाकायला हवे होते. तिची आई इथे आहे.

तिच्या पेटीत तुमचा कागद सापडला. भाकरीचा पापुद्रा, ऊस, हरभरे, शेंगा बंद. रोज मिठाच्या पाण्याने चुळा. जेवल्यावर ब्रश. ते सगळे चालू आहे. ब्रश तेवढा राहिला नाही. तो डुकराच्या केसांचा असतो असे कोणीतरी सासूबाईंच्या कानावर घातले आणि त्यांनी तो चुलीत टाकला. आता मी बाभळीचे दातण ठेचून, त्याचा मऊ कुंचा करून तिचे दात एकेक करून घासते. पाव तास लागतो. तिची मान दुखते, माझी पाठ.

पहिले आठ दिवस ती ताकातल्या कण्यांवर होती. आता भाकरी दुधात कुस्करून खाते.

गालाचे म्हणाल तर, आपल्या शेतावर तळोद्याच्या वरच्या डोंगरातून वाहरू आणि त्याची बायको दिवलीबाई कामाला येतात. दिवलीबाईने पोरीचे तोंड पाहिले, निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी पानात गुंडाळून मधमाशांचे मेण घेऊन आली. त्याची गोळी करून तिने तारेच्या टोकावर दाबली. टोचणे थांबले. पण मेण तोंडात ठेवलेले चालते का, पोटात गेले तर काय, हे मला कळवा. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

शोभा


सारंगखेडे,
ता. २८ ऑगस्ट १९३८

फुलवंताच्या वडिलांस,

नमस्कार. तुमचे पत्र वेळेवर आले. मेण चालते, गिळले तरी अपाय नाही, तुम्हीही मेणच लावता, हे वाचून दिवलीबाईला सांगितले. तिला त्यात काही विशेष वाटले नाही.

दर पाच आठवड्यांनी तार आवळायला पोरीला मुंबईला आणा, असे तुम्ही लिहिलेत. ते माझ्याने होणार नाही. का होणार नाही ते तुम्ही जाणता. तुम्ही दुसरे लग्न केलेत त्या घरात मी पाहुणी म्हणून उतरू शकत नाही आणि पोरीला एकटी धाडू शकत नाही. सुरतेच्या तुमच्या ओळखीच्या पारशी डॉक्टरांचे नाव तुम्ही कळवलेत, ते बरे केलेत.

जुलैत गेलो होतो. पहाटे होडीने तापी ओलांडली, पलीकडून बैलगाडीने दोंडाईच्याचे स्टेशन गाठले आणि दिवसभर गाडीत बसलो. डॉक्टर म्हातारे आहेत. हात मऊ, बोलणे कमी. त्यांनी जुन्या गाठी सोडल्या, नव्या बांधल्या आणि आवळल्या. फुलवंता रडली नाही. फक्त माझ्या मनगटाला धरून राहिली. ते मनगट दोन दिवस दुखत होते.

ऑगस्टची खेप चुकली. नदीला पूर होता. होडीवाल्याने दोर सोडायलाच नकार दिला. आम्ही काठावर दुपारपर्यंत बसलो आणि परत आलो. एक खेप चुकली तर दात मागे सरकतात का, ते कळवा.

परतताना गाडीत पोरगी म्हणाली, "बाबा सांगे, दात सरळ व्हयनात का मुंबईना शायमा टाकसू." इथली शाळा तिने दोन वर्षांपूर्वी संपवली. पुढे वर्ग नाही. ती घरी बसून माझ्या वडिलांची जुनी पुस्तके पुन्हा पुन्हा वाचते. रनाळ्याला मास्तर असताना त्यांनी मला ज्या पुस्तकांवर शिकवले तीच. तेव्हा शाळेचे बोलणे तिला गोड लागणारच.

पण हे तुम्ही मला लिहिलेले नाही. दोन पत्रांत नाही. दात सरळ झाले की ती तिकडे राहणार, असे ठरले आहे का? याचे उत्तर लिहा.

शोभा


सारंगखेडे,
ता. १५ डिसेंबर १९३८

फुलवंताच्या वडिलांस,

नमस्कार. एक वाईट बातमी कळवायची आहे. यात्रेच्या दिवसांत फुलवंताची पुढची तार तुटली. दत्तजयंतीला गावात माणूस आणि घोडे यांची एकच गर्दी असते, घरात पाहुणे होते, माझे लक्ष नव्हते. तिने ऊस खाल्ला. दाढांवरच्या पट्ट्या जागेवर आहेत. तुटलेली तार काढून जपून ठेवली आहे.

हिरडीला थोडे लागले होते. हळद भरली. आता बरे आहे.

सुरतेला जानेवारीत जाऊ. तिला रागावू नका.

शोभा


सारंगखेडे,
ता. २२ जानेवारी १९३९

फुलवंताच्या वडिलांस,

रागावू नका असे लिहिले होते तरी तुम्ही रागावलात. तेही माझ्यावर नाही, तिच्यावर. पत्र तिच्या नावाने आले. तुला शिस्त नाही, जिभेवर ताबा नाही, माझे सात महिन्यांचे काम तू एका कांड्यासाठी वाया घालवलेस, अशा मुलीला शहरातल्या शाळेत घालून काय उपयोग, असे तुम्ही लिहिलेत. तिने ते माझ्यासमोर वाचले. घडी घातली आणि उठून गाईंना पाणी पाजायला गेली. चार दिवस ती बोलली नाही आणि चार दिवस मीही बोलले नाही.

तिने ऊस खाल्ला नव्हता.

आता सगळे लिहिते. मधेच कागद टाकू नका, पुरते वाचा.

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तुम्ही पूर आणि दात यांबद्दल दोन पाने लिहिलीत. माझ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले नाही. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला. पुढे दर खेपेला डॉक्टर आरसा दाखवत, दात आत आलेले दिसत, फुलवंताचा चेहरा उजळे आणि मला वाटे, आणखी एक महिना गेला. मी पोरीचे दात घासत होते, मेण लावत होते, कण्या शिजवत होते आणि ती जितकी बरी होत होती तितकी माझ्यापासून दूर जात होती. हे वाचायला वेडेपणाचे वाटेल. करताना तसे वाटत नव्हते.

यात्रेला तळोद्याचे एक घर घोडा घ्यायला येणार होते. त्यांचा मुलगा लग्नाचा आहे. सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावले. मला म्हणाल्या, "हाई तार दिसनी तं सोयरा उंबरामाईनच फिरी जाई. लोटनले बलाव." लोटन सोनार आपल्या घराण्याचे दागिने करतो. कायद्याने चौदा पुरी झाल्याशिवाय लग्न नाही, फुलवंताला चौदा होळीला पुरी होतात. सासूबाईंनी हिशेब धरला होता.

मी नको म्हणू शकले असते. सासूबाई बोलतात पण माझ्या पोरीला माझ्याशिवाय हात लावत नाहीत. त्या माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या होत्या. मी मनात म्हटले, तार गेली तर दात सरळ व्हायचे नाहीत, आणि दात सरळ झाले नाहीत तर मुंबईही नाही. तळोदा होडी न लागता गाठता येते. बैलगाडीने एका दिवसात जाऊन येता येते.

मी लोटनला बोलावणे धाडले.

तो आधी तयार नव्हता. "वहिनी, हाई सोनानं काम नही, जित्ता मांसनं शे," म्हणाला. मी म्हटले, कापा. फुलवंता दाराकडे सरली. मी तिला खाली बसवली, तिचे डोके माझ्या मांडीवर घेतले आणि दोन्ही हातांनी धरले. ती ओरडली नाही. माझ्याकडे वर पाहत राहिली. लोटनने कातरीने मधोमध तार तोडली आणि ओढली. एक टोक हिरडीत घुसले. माझ्या लुगड्यावर रक्त पडले. दाढांच्या पट्ट्या त्याला निघाल्या नाहीत. त्याने मजुरी घेतली नाही, हात धुतले आणि मान खाली घालून गेला.

तळोद्याचे लोक दुसऱ्या दिवशी आले. पोरीचा ओठ सुजून जांभळा झाला होता. मुलाच्या आईने नाव विचारले तर तिला नीट सांगता येईना. ते जेवले, कळवतो म्हणाले. अजून कळवलेले नाही.

त्या दिवशी मी फुलवंताला म्हटले होते, तुझ्या बाबांना ऊस खाल्ला म्हणून लिहिते. तिने विचारले, "कसाले?" मी म्हटले, ते माझ्यावर चिडतील. तिने सुजलेल्या ओठावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लिख." त्या एका शब्दाच्या आड मी महिनाभर लपले.

परवा सुरतेला गेलो. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले आणि प्रथमच त्यांचा आवाज चढला. त्यांची मोडकीतोडकी मराठी, पण कळत होते. पोरी, तुला सांगितले होते ना ऊस नको म्हणून. तुझे बाप किती आशेने लिहितात. दोन दात परत पुढे आले. पुन्हा पहिल्यापासून.

फुलवंता खाली पाहत बसली होती. डॉक्टर थांबले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. ती सांगणार नव्हती. मी सांगते की नाही, एवढेच पाहत होती.

मी म्हटले, "ऊस नाही खाल्ला तिने. तार मी कापवली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटले, आता हे आम्हाला उठवून देतील. ते म्हणाले, "बाई, हात धुऊन या." मी धुऊन आले. त्यांनी मला खुर्चीपाशी उभे केले, बारीक चिमटा हातात दिला आणि गाठ कशी घालायची, टोक कुठे दडवायचे, सैल झाली हे बोटाला कसे कळते, ते दाखवले. म्हणाले, पावसाळ्यात तुम्हाला येता येत नाही, मग घरी कोणीतरी हे जाणणारे पाहिजे. मागच्या डाव्या दाताची गाठ माझ्याकडून बांधवून घेतली. गाठ आवळताना मी थांबले. फुलवंता म्हणाली, "माय, बांध. दुखत नही." दुखत होते, हे मला तिच्या पायांच्या बोटांवरून कळले.

नवी तार बसली आहे. आणखी सव्वा वर्ष तरी लागेल असे डॉक्टर म्हणतात.

तुम्ही आता काय लिहाल ते लिहा, पण माझ्या नावाने लिहा. आणि तिला वेगळे पत्र घाला. तिची माफी मागा. मी मागितली आहे. गाडीत मागितली, लोक बसले होते तरी. ती म्हणाली, "व्हयनं ते व्हयनं, आते झोप." आणि माझे डोके तिने आपल्या खांद्यावर घेतले. मी खरेच झोपले. दोंडाईचे आल्यावर तिने उठवले.

आणखी एक. तिने मला त्या गाडीतच सांगितले की तार बसवली तेव्हा मुंबईत तिला चार दिवस काही गिळवत नव्हते आणि तिकडच्या बाईंनी भाताची पेज करून चमच्याने पाजली. हे ती आठ महिने बोलली नव्हती. मला वाईट वाटेल म्हणून. त्यांना माझा नमस्कार सांगा.

शोभा


सारंगखेडे,
ता. ९ ऑगस्ट १९३९

फुलवंताच्या वडिलांस,

कार्डावर थोडक्यात लिहिते. तुमचे माफीचे पत्र तिला मिळाले होते, ती वाचून रडली आणि त्या दिवसापासून बरी आहे. नदीला पाणी आहे, सुरत होत नाही. दोन गाठी सैल झाल्या होत्या, मी बांधल्या. एक पुन्हा सुटली, पुन्हा बांधली. कापूस निंदायला बाया मिळत नाहीत, मी दिवसभर शेतात असते आणि दिवे लागायच्या आत तिचे दात उरकून घेते. सासूबाई आता आरसा धरतात. तोंडाने मात्र बोलतच असतात. तळोद्याच्या मुलाचे दुसरीकडे जमले.

शोभा


सारंगखेडे,
ता. २ मे १९४०

फुलवंताच्या वडिलांस,

नमस्कार.

गेल्या आठवड्यात सुरतेला तुम्ही येणार हे डॉक्टरांनी मला सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी बरे लुगडे नेसून आले असते, किंवा आलेच नसते. दारात तुम्हाला पाहिले तेव्हा आधी ओळखले नाही. तुमचे केस गेले आहेत. मी काही बोलले नाही म्हणून रागावले असे समजू नका. आठ वर्षांत जे बोलायचे म्हणून ठेवले होते त्यातले काहीच त्या वेळी सापडेना. आणि दमलेही होते. त्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

तार निघाली. पट्ट्या काढताना तुम्ही डॉक्टरांच्या हातातला चिमटा मागून घेतलात आणि शेवटची पट्टी तुम्ही काढलीत. फुलवंता जिभेने दात चाचपत राहिली. म्हणाली, फार गुळगुळीत लागतात. एक दात अजून थोडा तिरका आहे, लोटनने तार ओढली त्या जागेचा. डॉक्टर म्हणाले, हा असाच राहील. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. ते मला कळले, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

टाळूला बसवायची पट्टी ती झोपताना घालते. तिची आठवण मला करून द्यावी लागत नाही.

आता शाळेचे. तुम्ही तिथे सगळ्यांसमोर तिला विचारलेत, येशील का. ती माझ्याकडे वळली. मी खिडकीबाहेर पाहत होते असे तुम्हाला वाटले असेल. पाहत नव्हते, डोळे तिकडे केले होते एवढेच. तिने तुम्हाला सांगितले, घरी जाऊन सांगते.

घरी आल्यावर दोन दिवस तो विषय कोणी काढला नाही. काल शेतातून येताना बांधावर बसलो. मी म्हटले, तुला काय वाटते ते सांग, मला काय वाटेल ते सोडून दे.

ती म्हणाली, "माले शिकनं शे."

मी म्हटले, मग जा.

"तू एकटी ऱ्हाशी."

मी म्हटले, शेत आहे, तुझी आजी आहे, एकटी कशाने.

ती म्हणाली, "माय, तू खरं सांगी ऱ्हायनी का?"

मला खोटे बोलता येईना. मी म्हटले, "नाही. मला राहवणार नाही. तरी जा."

तिने गवताची काडी मोडून टाकली. मग म्हणाली, "जासू. दिवायीले इसू." आणि उठून पुढे चालू लागली. मी मागून निघाले. तिचे खांदे हलत होते, पण तिने मागे वळून पाहिले नाही आणि मी हाक मारली नाही.

तेव्हा ती येईल. मी तिला अडवत नाही. एकदा अडवली आहे, तिचे डोके या हातांनी धरून, आणि त्यात तिच्या तोंडातून रक्त आले. तो तिरका दात मला आयुष्यभर दिसत राहणार आहे. दुसरा मी करणार नाही.

सासूबाई म्हणतात की पोरगी गेली म्हणजे गेली. त्या कालपासून तिच्यासाठी मऊ सांजोऱ्या करताहेत. मी म्हटले, आता तिला कडकही चालते. तरी मऊच करताहेत.

ती भित्री नाही पण नव्या जागी पहिले काही दिवस जेवत नाही. तिला भूक नाही असे ती सांगेल. विश्वास ठेवू नका. रात्री दिवा मालवला की तिला कोणाचा तरी श्वास ऐकू यावा लागतो, म्हणून तिला वेगळ्या खोलीत निजवू नका. तिच्यावर रागवायचे झाले तर समोर रागवा, कागदावर नको. कागद ती जपून ठेवते. तुमचे ते जानेवारीचे पत्र अजून तिच्या पेटीत आहे. माफीचेही आहे, त्याच घडीत.

पाऊस लागायच्या आत निघायला हवे, नाहीतर नदी सोडणार नाही. ७ जूनला मी तिला सुरतेपर्यंत घेऊन येते. दुपारी पोहोचू. तिथून मी मागे फिरेन.

स्टेशनवर तुम्ही स्वतः या. कोणाला पाठवू नका.

शोभा